घरच्या घरी, कमी खर्चात गाडीचा रंग साफ करणं आणि टिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचा ग्रुप, ऑफिसमधले, गावाकडचे भाऊबंद सगळे फिरून फिरून हेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझी गाडी नऊ वर्षांची आहे, गडद निळी, पुण्यात उघड्यावर उभी असते. पहिली दोन वर्षं मी रोज मनापासून पुसून पुसून तिचा रंग खराब केला, नंतर शिकत गेलो. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलेलं असेल तर तिथे तो नंबर दिलाय, परत लिहिलेलं नाही.

१. गाडीच्या रंगावर नक्की काय काय असतं? आपण धुतो, घासतो ते रंगाला की अजून कशाला?

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपला हात लागतो तो या क्लिअर कोटला. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट चाळीसेक मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या निम्म्याहूनही कमी जाडीचा. चकाकी याच्यामुळे आणि उन्हापासून रंगाचा बचावही हाच करतो. रबिंग केलं (म्हणजे चरे घालवायला घासून चमकवलं, प्रश्न १५) की यातलाच थोडा भाग निघून जातो आणि तो परत येत नाही. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. मी रोज सकाळी स्वच्छ फडक्याने धूळ पुसतो, तरी उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे का दिसतात?

रोज पुसताय म्हणूनच. आपल्याकडच्या धुळीत मातीबरोबर वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रंगावरून घासत जातात. चरे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असलेले तेवढे चमकतात म्हणून सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल दिसतात. काळ्या-निळ्या गाडीवर लगेच कळतं, पांढऱ्या आणि सिल्व्हरवर दिसत नाही, पण असतं तितकंच.

धूळ बसलेली गाडी चार दिवस तशीच राहिली तर रंगाचं काहीही बिघडत नाही. खरंच राहू द्या. काचा आणि आरसे पुसा, बाकीच्याला हात लावायचा तो पाणी मारून झाल्यावरच. ते मेणासारखं काहीतरी लावलेले लांब दोऱ्यांचे डस्टर मिळतात तेही कोरडं घासणंच झालं.

३. आमच्याकडे गाड्या पुसायला दादा येतात, एका बादलीत दहा गाड्या. बंद करू का त्यांना?

बंद करू नका, त्यांचं काम आहे ते आणि पहाटे पाचला येऊन करतात. मी माझ्याकडे येणाऱ्या दादांना माझी बादली आणि चार मायक्रोफायबर दिले आणि सांगितलं, रोज फक्त काचा पुसा, बाकी गाडीला हात लावू नका, आठवड्यातून एकदा पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच. त्यांचाही वेळ वाचतो. पहिले दोन-तीन आठवडे सवयीने बोनेटवर हात जातो, परत एकदा शांतपणे सांगायचं. दहा गाड्यांचा चिखल प्यायलेलं ते एकच फडकं आपल्या गाडीवर फिरलं नाही की निम्मं काम तिथेच झालं.

४. सुरुवातीला किमान काय सामान घ्यावं आणि किती पैसे जातील?

दोन बादल्या घरातल्याच चालतात. धुवायचा मायक्रोफायबरचा हातमोजा दोनशेच्या आसपास, गाडीचा शाम्पू साडेतीनशे, साधे मायक्रोफायबर तीन-चार मिळून तीनशे, वाळवायचा मोठा जाड टॉवेल साडेतीनशे, क्ले बार (रंगात घट्ट बसलेले कण काढायची मऊ वडी, प्रश्न १४) चारशे, वॅक्स किंवा स्प्रे सीलंट (रंगावर थर देणारे, प्रश्न १७) पाचशे. झाले साधारण २,१०० आणि शाम्पू, क्ले, वॅक्स वर्षभर आरामात पुरतात. तीनशे रुपये अजून असतील तर झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप घ्या, त्यात शाम्पूचं पाणी भरून गाडीवर मारता येतं, महागड्या फोम गनचं बरंचसं काम त्यात होतं.

पैसे कमी असतील तर कात्री वॅक्सवर लावा, टॉवेलवर नाही. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं, जुना बनियन, स्पंज यातलं काही रंगाला लावू नका. स्पंजच्या सपाट पृष्ठभागाखाली कण अडकतात आणि तसेच घासले जातात, मोज्याच्या लांब दोऱ्यांत ते आत ओढले जातात. आणि पडदे-चादरी कापून केलेल्या फडक्याची शिवण असते ना, तीसुद्धा चरे पाडते.

५. धुवायची नीट पद्धत सांगा ना एकदा, पहिल्यापासून.

गाडी सावलीत आणि बोनेट हाताला गार लागतंय तेव्हाच सुरू करा, तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी लगेच वाळून डाग सोडतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी.

आधी चाकं आणि मडगार्डची आतली बाजू, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या पाण्याने, कारण सगळ्यात जास्त कचकच तिथे असते. मग पूर्ण गाडीवर वरून खाली पाणी मारा, टप, काचा, बोनेट, दारं, शेवटी खालचा भाग. जेवढी माती नुसत्या पाण्याने जाईल तेवढी जाऊ द्या. पंप असेल तर शाम्पूचं पाणी फवारून चार-पाच मिनिटं सोडा, वाळू मात्र द्यायचं नाही, आणि परत पाणी मारा. इथपर्यंत गाडीला हात लागलेला नाही हे महत्त्वाचं.

आता दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शाम्पूत बुडवायचा, टपावरून सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवायचा, गोल गोल नाही, एक पॅनल (बोनेट, दार असा एक भाग) झालं की साध्या पाण्यात पिळून घाण सोडायची आणि मगच परत शाम्पूत. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा, ती सगळी वाळू एरवी रंगावर फिरली असती. दाराचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यात शेवटी. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, नीट धुतल्याशिवाय गाडीला लावायचा नाही.

शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढून धार सोडा, पाणी चादरीसारखं घसरत जातं आणि बरंचसं सोबत घेऊन जातं. उरलेलं जाड टॉवेलने टिपायचं, टॉवेल पसरायचा, थापायचा आणि उचलायचा. दारं, डिकी, बोनेट उघडून कडांचं पाणीही टिपा, गंज तिथूनच सुरू होतो.

६. आमच्याकडे टँकर येतो, एवढं पाणी गाडीवर घालायला मन होत नाही. काही मार्ग आहे का?

आहे आणि मला तो मनापासून आवडतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते बघितलेल्या माणसाला पाइप चालू सोडून गाडी धुणं जमत नाही. रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं, पाच-सहा लिटर पाण्यात डब्यावर लिहिलंय तेवढं टाकायचं, पाच-सहा मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवायचे. त्याच पाण्याची फवारणी करून माती भिजू द्यायची, मग भिजलेल्या टॉवेलने एकदाच सरळ पुसायचं, टॉवेलची बाजू बदलायची, मळलेला टॉवेल परत बादलीत बुडवायचा नाही. नंतर पाणी मारून धुवायची गरज नाही, लगेच टिपायचं. चिखलाने लडबडलेल्या गाडीला मात्र हे चालत नाही, आधी चिखल नुसत्या पाण्याने उतरलाच पाहिजे.

७. भांड्याचं लिक्विड, कपड्याची पावडर, केसांचा शाम्पू यातलं काय चालतं?

कपड्याची पावडर अजिबात नाही, ती तीव्र असते आणि नीट न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळंच. भांड्याचं लिक्विड तेल-वंगण काढण्यासाठी केलेलं, ते गाडीवरचं वॅक्सही काढतं, रबर आणि काळं प्लास्टिक कोरडं पाडतं. नवीन वॅक्स लावायच्या आधी जुनं काढायला वर्षातून एखादवेळ वापरलं तर ठीक, दर आठवड्याला नको. केसांचा शाम्पू अडीअडचणीला एकदा चालेल. गाडीचा शाम्पू एका धुण्याला वीस-तीस मिली लागतो, पैशात मोजलं तर कटिंग चहाएवढा, तिथे बचत करून काही हाती लागत नाही.

८. आमचे ड्रायव्हर काका पाण्यात डिझेल किंवा रॉकेल टाकून पुसायचे, गाडी नवीकोरी दिसायची. ते का नको?

दिसते कारण बारीक चऱ्यांत तेल भरतं आणि ते तात्पुरते दिसेनासे होतात. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर दुप्पट धूळ चिकटते, ती पुसायला परत फडकं, म्हणजे प्रश्न २ मधलं चक्र अजून जोरात. रबर बिडिंग (दारं-काचांच्या कडेची रबरी पट्टी) फुगतं, कडक होतं, आणि चारचौघांच्या पार्किंगमध्ये पेटणारं द्रव्य बादलीत ठेवणं बरं नाही. रॉकेलचा उपयोग एकाच ठिकाणी, तो प्रश्न १३ मध्ये.

९. बोअरच्या पाण्याने धुतो, वाळल्यावर पांढरे गोल डाग राहतात. कसे घालवायचे?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, थेंबातलं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबर त्यात भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि मग शाम्पू. उन्हात करू नका, व्हिनेगर वाळू देऊ नका, क्रोमवर आणि रंग उडून उघड्या पडलेल्या पत्र्यावर जाऊ देऊ नका.

व्हिनेगरनेही जात नाहीत आणि बोटाला खळगा जाणवतो तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लाय, मग पॉलिशच करावं लागतं (प्रश्न १५). पुढे होऊ नयेत म्हणून गाडी आपोआप वाळू द्यायची नाही, आणि शेवटची एक बादली नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याची वापरायची, तेवढ्याने खूप फरक पडतो.

१०. बेसमेंट पार्किंगमध्ये स्लॅबमधून पाणी ठिबकून बोनेटवर पांढरे जाड ओघळ आलेत, खरवडून निघतील का?

खरवडू नका, प्लीज. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येतं आणि हवेत तो घट्ट होतो, नखाने किंवा कार्डने काढलात तर चुन्यासोबत क्लिअर कोटवर चरा पडेल. पद्धत प्रश्न ९ चीच, फक्त धीर जास्त. व्हिनेगरचं फडकं दोन मिनिटं ठेवा, धुवा, परत ठेवा, असं पाच-सहा वेळा, थर विरघळत पातळ होत जातो. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीवरचा तीन महिन्यांचा ओघळ दोन रविवार खर्च करून निघाला, पण खाली पुसटशी खूण राहिलीच, कारण ते पाणी तीव्र अल्कलाइन असतं. सोसायटीला लेखी कळवा आणि गळती बंद होईपर्यंत जागा बदलून घ्या. बांधकामाशेजारी उडालेल्या सिमेंटच्या शिंतोड्यांनाही हेच उत्तर.

११. कबुतरांनी वैताग आणलाय. लगेच पुसलं पाहिजे का?

लगेच काढलं पाहिजे, पण पुसून नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक अॅसिड असतं आणि बारीक दाणेही असतात. उन्हात क्लिअर कोट तापून थोडा मऊ होतो, फुगतो, वरची घाण मात्र वाळून कडक होते, आणि रात्री गार होताना रंग त्या घाणीच्या आकारात आक्रसतो, मग धुतल्यावरही सुरकुतलेला डाग राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात एक दिवसही पुरतो.

डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन जुने मायक्रोफायबर कायम ठेवा. फवारा मारा, ओलं फडकं वर पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की चिमटीत धरल्यासारखं उचलून घ्या. द्रुतगती मार्गावरून रात्री आलात की बंपरवर मेलेले किडे असतात, त्यांनाही हीच पद्धत.

१२. आंब्याखाली गाडी लावतो, जानेवारी-फेब्रुवारीत सगळी गाडी चिकट होते आणि मग काळी पडते. झाडाचा चीक आहे का हा?

बहुतेक वेळा चीक नसतो. मोहरावर तुडतुडे येतात, ते मधासारखं गोड चिकट द्रव्य टाकतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. गोड असल्यामुळे ते पाण्यात विरघळतं, म्हणून कोमट पाणी आणि शाम्पूने भिजवून ठेवलं की आरामात जातं, आठवड्याच्या वर सोडलं तर मात्र हट्टी होतं.

खरा डिंक किंवा चीक असेल, म्हणजे पिवळसर कडक थेंब, तर तो पाण्याला दाद देत नाही. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा, हळू पुसा. त्या जागेचं वॅक्स जातं, परत लावा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांचा याच धर्तीवरचा प्रश्न असतो, गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काळी राख पडते. ती उसाच्या चिपाडाची राख, हात लावला की फसकते आणि चरे पाडते. फुंकर किंवा पाण्याची धार, फडकं नाही.

१३. नवीन रस्त्यावरून गेलो, दारांच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके बसलेत.

इथे रॉकेल चालतं, मिळालं तर, नाहीतर टार रिमूव्हर किंवा गंज सोडवायचा स्प्रे. आधी गाडी धुवून घ्या, मग कापसाच्या बोळ्यावर थोडंसं घेऊन ठिपक्यावर धरा, डांबर तपकिरी होऊन सुटायला लागतं, टिपून घ्या. ठिपक्यापुरतंच आणि लगेच तो भाग शाम्पूने धुवायचा. दोन दिवसांत केलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

१४. नीट धुतली तरी बोनेटवर हात फिरवला की खरखरीत लागतं. क्ले बार खरंच लागतो का?

हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या ओल्या बोनेटवर हलकेच फिरवा, काचेसारखं गुळगुळीत लागलं तर क्लेची गरज नाही. कचकच लागली तर रंगात घट्ट बसलेले कण आहेत, ब्रेकची आणि रेल्वेची लोखंडी धूळ, स्प्रे पेंटचे शिंतोडे, डांबराचे बारीक कण. स्टेशनजवळ किंवा रुळाकडेला गाडी लावणाऱ्यांना हे हमखास.

क्लेचा एक तुकडा तोडून हातात चपटा करा. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट जागा शाम्पूच्या पाण्याने चिंब भिजवा आणि क्ले दाब न देता मागे-पुढे सरकवा. आधी अडखळतो, आवाज येतो, मग घसरायला लागतो, म्हणजे ती जागा झाली. क्ले घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, कितीही जीव वर-खाली झाला तरी. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे, आणि क्ले झाल्यावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावाच, कारण रंग उघडा पडलेला असतो.

पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके असतील तर ते लोखंडी कण गंजलेले असतात. त्याला आयर्न रिमूव्हर मिळतो, लावला की जांभळा होत ओघळतो, वास उग्र असतो, मोकळ्या हवेत करा.

१५. दुकानदार सगळ्यालाच पॉलिश म्हणतो. रबिंग, कंपाउंड, पॉलिश, वॅक्स यात फरक काय?

कंपाउंड, ज्याला गॅरेजवाले रबिंग म्हणतात, ते आणि पॉलिश दोन्ही घासून काढणारे पदार्थ, कंपाउंड जाडसर आणि पॉलिश बारीक. दोघंही क्लिअर कोट पातळ करून चरे कमी करतात. वॅक्स काहीच काढत नाही, वरून एक थर देतं. डब्यावर नाव काय आहे ते सोडा आणि दुकानात एवढंच विचारा, याने काही घासलं जातं की नुसता थर बसतो.

दर दिवाळीला गॅरेजमध्ये रबिंग करून घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, थांबा. दर वेळी क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन जातात आणि आहेत किती ते वर सांगितलंय. कडांवर तर अजून पातळ असतो. घरी हाताने बारीक पॉलिश करायचं असेल तर वाईट भागापुरतं करा, आयुष्यात मोजून चार-पाच वेळा. मशिन पहिल्यांदा वापरणार असाल तर आपल्या गाडीवर नको, भंगारवाल्याकडून एखादं जुनं दार दोनशे-तीनशेला आणा आणि त्यावर हात बसवा.

१६. कुणीतरी किल्लीने ओरखडा मारलाय. टूथपेस्टने जातो म्हणतात, खरं का?

ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडकत नसेल तर चरा क्लिअर कोटच्या वरच्या भागात आहे, बारीक पॉलिशने बराच पुसट होईल. अडकत असेल तर कुठल्याही पेस्टने जाणार नाही आणि घासत बसलात तर आजूबाजूचा क्लिअर कोट जाईल. टूथपेस्टमध्ये दात घासायचे कण असतात, म्हणजे तेही एक रबिंगच, फक्त किती जाड ते आपल्या हातात नाही. शंभर-दोनशे रुपयांचं बारीक पॉलिश त्यापेक्षा भरवशाचं.

आणि पुष्कळदा तो ओरखडा नसतोच, दुसऱ्या गाडीचा रंग किंवा प्लास्टिक आपल्या गाडीवर लागलेलं असतं. आधी प्रश्न १२ मधलं अल्कोहोल लावून बघा, डेंटर-पेंटरकडे जाण्याआधी.

१७. वॅक्स, सीलंट आणि स्प्रे सिरॅमिक, कमी खर्चात काय घेऊ आणि किती टिकतं?

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, दिसायला सगळ्यात सुंदर, गडद रंगावर तर खासच, पण आपल्या उन्हात महिना-दीड महिना धरून चला. सिंथेटिक सीलंट तीन ते सहा महिने. सिलिका असलेले स्प्रे, ज्यांना दुकानात स्प्रे सिरॅमिक म्हणतात, तेही साधारण तेवढेच आणि लावायला सगळ्यात सोपे. उघड्यावर गाडी असणाऱ्या, वेळ कमी असणाऱ्या माणसाने सीलंट किंवा स्प्रे घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मे संपता संपता एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, वर्षाला पाचशे रुपयेही लागत नाहीत.

संपलं कसं ओळखायचं? पाणी मारा. थेंब गोल, उभे राहतात तोवर थर आहे, पाणी पसरून डबकं करायला लागलं की परत लावायची वेळ.

१८. वॅक्स लावल्यावर पांढरे पट्टे राहतात आणि निघता निघत नाहीत, काय चुकतंय?

जास्त लावताय. दोन रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स एका दाराला पुरतं. सावलीत, गार पत्र्यावर, एकेक पॅनल, इतकं पातळ की जेमतेम दिसेल. धुरकट झालं की बोट फिरवून बघा, खाली स्वच्छ चमक आली तर पुसायची वेळ झाली, बोटाला चिकट ओढलं गेलं तर थांबा. पावसाळी दमट हवेत वाळायला दुप्पट वेळ लागतो. काळ्या प्लास्टिकवर लागलं असेल तर शाळेच्या खोडरबरने घासा, निघतं. पुढच्या वेळी आधी मास्किंग टेप लावा.

१९. शोरूमवाले टेफ्लॉन कोटिंग घ्याच म्हणतायत. आणि हजारोंचं सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं का?

माझ्या गाडीला घेताना हजारो रुपयांचं टेफ्लॉन कोटिंग लावलं होतं, तीन महिन्यांत पाण्याचे थेंब उभे राहायचे बंद झाले. तव्यावरचं टेफ्लॉन तीनशे अंशांच्या वर तापवून बसवतात, गाडीचा रंग तेवढा तापवता येतच नाही, त्यामुळे तव्यासारखा टिकाऊ थर गाडीवर बसत नाही. हाती येतं ते साधारण सीलंटचंच काम आणि ते प्रश्न १७ मध्ये पाचशे रुपयांत होतंय.

खरं सिरॅमिक कोटिंग वेगळं, चांगलं लावलं तर दोन-तीन वर्षं टिकतं आणि धुणं सोपं होतं. पण जाडी एखाद-दोन मायक्रॉन, त्यामुळे दगडाचा टवका, किल्लीचा ओरखडा थांबत नाही, बोअरच्या पाण्याचे डागही पडतात. जाहिरातीत नाइन एच कडकपणा म्हणतात तो पेन्सिलीच्या शिशाच्या मापातला आहे. कोटिंग करून पुढे कोरड्या फडक्यानेच पुसणार असाल तर पैसे वाया. आधी सहा महिने धुण्याची सवय लावा, मग ठरवा.

२०. नवीन गाडीला लगेच वॅक्स चालतं का? आणि बंपर नुकताच रंगवलाय, त्याला?

कंपनीतला रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, नवीन गाडीला पहिल्या दिवशीही चालतं. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाचं तसं नाही, त्यातलं थिनर हळूहळू उडत असतं. पेंटरला विचारा आणि साधारण एक ते तीन महिने वॅक्स, सीलंट काहीही लावू नका. पहिले काही आठवडे नुसतं पाणी आणि सौम्य शाम्पू, क्ले नको, प्रेशर वॉशर तर नकोच.

२१. प्रेशर वॉशर घेतलाय, किती लांबून मारायचं?

फूटभर तरी अंतर, पसरट फवाऱ्याचं नोझल, टोकदार धार कधीच नाही. टवका उडालेल्या जागी, स्टिकरच्या कडांवर, पार्किंग सेन्सरवर आणि पुन्हा रंगवलेल्या भागावर जवळून मारलात तर रंगाचा पापुद्रा उचलतो.

२२. कव्हर घालावं की नाही?

स्वच्छ, कोरड्या गाडीवर घाला, गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर घाला. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि दिवसभर घासतं. पावसाळ्यात उघड्यावर प्लास्टिकचं कव्हर नको, आत दमटपणा कोंडतो. झाडाखालची सावली आणि ऊन यात निवडायचं असेल तर प्रश्न ११ आणि १२ वाचून ठरवा, मी स्वतः भिंतीची सावली शोधतो.

२३. पावसाळ्यात गाडी पावसातच धुतली जाते ना? आणि आम्ही कोकणात राहतो, समुद्र दोन किलोमीटरवर.

पाऊस वरची धूळ उतरवतो, पण खालून उडालेला चिखल मडगार्डच्या आत थापला जातो आणि महिनोन् महिने ओला राहतो. आठवड्यातून एकदा पाइपने चाकांच्या वरचा आतला भाग धुवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, काडीने मोकळी करा. वायपरच्या खाली पानं साठतात तीही काढा.

कोकणात खारी हवा, वर जांभ्याची लाल माती. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर, म्हणून पांढऱ्या गाडीच्या फटींत लाल छटा बसते, ती शाम्पूत भिजवूनच काढा, न निघाली तर आयर्न रिमूव्हर. खाऱ्या हवेत गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू दर आठवड्याला धुणं हे कुठल्याही वॅक्सपेक्षा जास्त कामाचं, आणि बीचवर वाळूत गाडी घातली असेल तर त्याच संध्याकाळी.

२४. दसऱ्याला गाडीची पूजा करतो, हार आणि हळदीकुंकवाचे डाग पडतात. गुलाल, भंडाऱ्याचं काय?

पूजा जरूर करा, फक्त आदल्या दिवशी गाडी धुवून वॅक्स लावून ठेवा, डाग वॅक्सवर बसतो, रंगावर नाही. स्वस्तिक काचेवर काढा. हार बोनेटवर बांधून दिवसभर फिरू नका, दोरा आणि तार घासते, आणि झेंडू दबून उन्हात वाळला की पिवळा डाग सोडतो. ओलं हळदीकुंकू त्याच दिवशी पाण्याने उतरवा.

मिरवणुकीतला गुलाल किंवा जेजुरीचा भंडारा कोरडा असताना झटकायचा नाही, पाण्याची धार मारायची, खूप मारायची, मग शाम्पू. हळदीचा पिवळेपणा थोडा राहिला तर घाबरू नका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पण हे सगळं पांढऱ्या गाडीला जपून, आणि रंगपंचमीला सरळ लांब लावा.

२५. दगड उडून टवका गेलाय, पत्रा दिसतोय. आणि वॅक्सने गंज थांबेल का?

थांबणार नाही. दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो, त्या कोडची टच-अपची छोटी बाटली मागवा. जागा अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने तेवढाच घासा, आणि ब्रशऐवजी काडीपेटीच्या काडीच्या टोकाने थेंब सोडा, दोन-तीन पातळ थर, मध्ये तास-तासभर. सुंदर दिसणार नाही, पण पत्रा झाकला जातो. पावसाळ्याच्या आधी करा.

२६. मायक्रोफायबर कसे धुवायचे? दोन महिन्यांत कडक झाले माझे.

फॅब्रिक कंडिशनर घातलं असणार. तो धाग्यांवर थर बसवतो आणि पाणी शोषणं बंद होतं. सुती कपड्यांपासून वेगळे, थोड्या लिक्विड डिटर्जंटमध्ये, सावलीत वाळवा, इस्त्री नको. चाकांचे टॉवेल कायमचे वेगळ्या रंगाचे ठेवा.

२७. माझी गाडी जुनी आहे, पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागतो. दुसरं म्हणजे टपावर पापुद्रे निघतायत. आणि मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या गाडीला काय?

फडक्याला रंग येतो म्हणजे तुमच्या गाडीला वेगळा क्लिअर कोट नाही, जुन्या काळच्या एकेरी रंगाच्या गाड्या तशा असत, किंवा स्थानिक पेंटरने तसा रंग मारलाय. घाबरायचं कारण नाही, उलट मळकट झालेला लाल रंग बारीक पॉलिशने छान खुलतो, फक्त दर वेळी रंगच कमी होतोय हे लक्षात ठेवा आणि लगेच वॅक्स लावा.

टपावर पांढरट पापुद्रे म्हणजे क्लिअर कोट सुटलाय. तिथे पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक काहीही लावलं तरी परत चिकटत नाही, तेवढं पॅनल रंगवणं हाच उपाय. पैसे जमेपर्यंत क्ले आणि प्रेशर वॉशर त्या भागापासून लांब ठेवा, कडा अजून उचलतात.

मॅटला पॉलिश नाही, क्ले नाही, साधं वॅक्स नाही. घासलं की तेवढा भाग चमकायला लागतो आणि तो परत मॅट करता येत नाही. मॅटसाठीचा शाम्पू आणि मॅटसाठीचाच सीलंट, बाकी धुण्याची पद्धत प्रश्न ५ चीच, पक्ष्यांची विष्ठा मात्र तासाभरात उचला, कारण डाग पडला तर पॉलिशने काढायचा मार्ग मॅटला उरत नाही.